दिवाळीआधी लाकडी फ्लोअरिंग बसवताय? आधी खालची ओल तपासा

पावसाळा संपला की नांदेड-लातूरमध्ये घराच्या दुरुस्तीची घाई सुरू होते. पण जमिनीत सर्वाधिक ओल असते ती याच दिवसांत. अशा वेळी कोब्यावर लाकडी पट्ट्या थेट चिकटवल्या, तर त्या फुगून कडा वर येऊ शकतात. चिकटवलेली पट्टी सहसा अखंड निघत नाही, त्यामुळे चूक महागात पडते.

ओल येते कुठून?
या भागात काळी माती मोठ्या प्रमाणावर आहे. ती पावसात पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे तळमजल्यावर ओल वर चढण्याचा आणि कोब्याला तडे जाण्याचा, असे दोन्ही धोके असतात. भिंतीच्या पायथ्याशी लोणा दिसत असेल, तर आधी गळका पाइप किंवा अंगणाचा उलटा उतार दुरुस्त करा.

कोबा नवा असेल तर?
२८ दिवसांचा हिशोब सिमेंटच्या मजबुतीचा आहे, सुकण्याचा नाही. पाणी मारणं थांबवल्यावर दर इंच जाडीला साधारण महिनाभर लागतो. दमट हवेत त्याहून जास्त.

घरच्या घरी कसं तपासाल?
• ओल: साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. खोलीत तीन-चार ठिकाणी असं करा आणि किमान १६ तास ठेवा. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला, तर काम थांबवा. काही दिसलं नाही, तरी कारागिराला ओलावा मोजायच्या मीटरने तपासायला सांगा. गोंदाच्या डब्यावर दिलेल्या मर्यादेशी आकडा जुळवा.
• सपाटी: दोन मीटरची सरळ पट्टी फिरवा. खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर उंचवटे घासा, खड्डे लेव्हलिंग कंपाउंडने भरा.
• मजबुती: खिळ्याने ओरखडा काढा. भुकटी निघाली, तर वरचा कच्चा थर घासून काढा. जुन्या फरशीवर टकटक करा, पोकळ आवाज येणारी फरशी उखडून पुन्हा बसवा.

चिकटवण्याआधी
रंग, तेल, मेण खरवडून काढा. गुळगुळीत टाइल्सवर गोंद नीट धरत नाही, म्हणून त्या घासून खरखरीत कराव्या लागतात. धूळ व्हॅक्यूमने काढा, ओलं पोतेरं फिरवू नका. ओलीची शंका असेल, तर गोंदाला चालणारा ओलरोधक प्रायमर लावा. नुसता प्लास्टिकचा कागद अंथरून चालत नाही, कारण गोंद कोब्याला चिकटणारच नाही.

लाकडाच्या पट्ट्याही काही दिवस त्याच खोलीत ठेवा आणि भिंतीलगत साधारण १० मिलिमीटर फट सोडा. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, त्याला तेवढी जागा लागते.

चाचणीत ओल दिसली, तर काम उन्हाळ्यावर ढकला. तेव्हाही चाचणी पुन्हा करायला विसरू नका.