पीके ही दोन अक्षरे



पॉवरपॉइंटची हल्लीची कुठलीही फाइल घ्या, जिच्या नावाच्या शेवटी पीपीटीएक्स असते ती. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर सगळी गिचमीड दिसते. पण अगदी सुरुवातीची दोन अक्षरे स्वच्छ वाचता येतात.. पी आणि के. ही एका माणसाची आद्याक्षरे आहेत. फिल कॅट्झ, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. मायक्रोसॉफ्टमध्ये तो कधी नोकरीला नव्हता, पण त्यांच्या प्रत्येक सादरीकरणावर आज त्याची सही असते.

पॉवरपॉइंट त्याच्या आधीचे. रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत तयार केले. एप्रिल १९८७मध्ये ते मॅकिंटॉशवर आले, तेही कृष्णधवल, मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापण्यासाठी. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर देऊन ती कंपनीच विकत घेतली. पुढची वीस वर्षे या फायली कंपनीच्या स्वतःच्या बंदिस्त बांधणीत राहिल्या. आत काय कुठे ठेवले आहे हे बाहेरच्याला कळणे फार अवघड.

कॅट्झची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला जास्त आवडते ती. तेव्हा फायली मोडेम लावून टेलिफोनच्या तारेवरून पाठवत. जितकी फाइल मोठी तितके फोनचे बिल मोठे. म्हणून फायली दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलींना फार मागणी. एसईए नावाच्या कंपनीची 'आर्क' ही त्यातली नावाजलेली. कॅट्झने तिच्यासारखीच पण कितीतरी वेगवान 'पीकेआर्क' काढली. १९८८मध्ये एसईएने दावा लावला. लोकांची सहानुभूती कॅट्झकडे, बिचारा एकटा मुलगा म्हणून! पण जाणकाराने दोन्हींचे लिखाण ताडून पाहिले तेव्हा टिपणांतल्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा जुळल्या. आम्ही शिक्षक कॉपी पकडतो ती अशीच. बरोबर उत्तरे दोघांची सारखी असू शकतात हो, चुका सारख्या कशा असतील? शेवटी तडजोड झाली आणि कॅट्झला पैसे भरावे लागले.

मग १९८९मध्ये त्याने स्वतःची नवी बांधणी आणली, झिप. आणि तिचा सगळा तपशील लिहून जगाला खुला केला. कोणीही वापरा. २००७च्या ऑफिसपासून मायक्रोसॉफ्टने आपल्या फायली याच बांधणीत ठेवायला घेतल्या. म्हणजे पीपीटीएक्स ही एक फाइल नव्हेच, ती थैली आहे. आत प्रत्येक स्लाइडचा मजकूर वेगळा, प्रत्येक चित्र वेगळे. एकेक वस्तू स्वतंत्रपणे दाबलेली, त्यामुळे एक बिघडली म्हणून शेजारची बिघडत नाही.

आता मुद्द्याचे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आठवा. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असते, आणि शिवाय सगळ्या गठ्ठ्यांची एक यादी. कॅट्झने तेच केले. प्रत्येक वस्तूच्या आधी तिचे नाव लिहिले आणि थैलीच्या तळाशी सर्वांची यादी पुन्हा लिहिली. पॉवरपॉइंट आधी तळाची यादी शोधते. ती नसली की म्हणते फाइल खराब आहे, उघडता येत नाही. पण गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या तर शाबूत असतात ना! कॅट्झच्या आज्ञावलीबरोबर पीकेझिपफिक्स नावाची एक छोटी आज्ञावली यायची, ती या चिठ्ठ्या वाचत जाऊन यादी नव्याने लिहायची.

हे सगळे मी शोधत बसले ते नानामुळे, माझ्या थोरल्या भावामुळे. त्याने आमच्या माहेरचे जुने फोटो स्कॅन करून, प्रत्येकाखाली कोण कोण आहे ते लिहून सादरीकरण केले होते. मला द्यायला म्हणून पेनड्राइव्हवर उतरवत असताना वीज गेली. नंतर नानाही गेला, त्याचा संगणक मोडीत निघाला, मूळ फोटो तर केव्हाच वाळवीने खाल्लेले. उरली ती ही अर्धी प्रत, शेपूट तुटलेली.

आमच्या भाचेसुनेने आधी त्या फाइलीची दुसरी प्रत काढली आणि त्या प्रतीवरच काम केले. (हे महत्त्वाचे. मूळ फाइलीला हात लावू नका, तिच्यावर पुन्हा 'सेव्ह' तर नकोच.) नावातले पीपीटीएक्स काढून झिप केले. नेहमीसारखी उघडेना. मग फुकट मिळणाऱ्या इन्फो-झिपच्या 'झिप' आज्ञेला दोन 'एफ' लावून चालवले. ती सुरुवातीपासून चिठ्ठ्या शोधत जाते. पाच मिनिटांत थैली उपसली गेली.

आमच्या फाइलीत स्लाइडचा मजकूर आधी आणि चित्रे मागून होती. त्यामुळे नानाचे लिखाण सगळेच्या सगळे मिळाले, त्या कंसांच्या आणि खुणांच्या जंजाळात 'ए:टी' असे लिहिलेल्या जागी. चित्रे मात्र चाळीसपैकी एकोणतीस. अकरा फोटो गेले, त्यांची नावे राहिली.

फिल कॅट्झ १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका मॉटेलच्या खोलीत मरण पावला. दारूने पोखरलेला, वय अवघे ३७.

तर, माहेरच्या मंडळींनो, चौतिसाव्या स्लाइडवर नानाने लिहिले आहे: "वाड्याच्या पायरीवर. बसलेल्या डावीकडून मोठी आत्या, आई, कडेवर मी. मागे उभे काका, आणि दारात अर्धी दिसते ती आजी. आजीचा हा एकच फोटो." हा कोणाकडे असेल तर कृपया स्कॅन करून पाठवा. मागे काही लिहिलेले असले तर त्या बाजूचाही स्कॅन हवा.