कागदात गुंडाळलेली चांदी

अमेरिकेत बँकेच्या खिडकीवर दहा डॉलर दिले की पंचवीस सेंटांच्या चाळीस नाण्यांची एक गुंडाळी मिळते. जाड कागदाचे वेष्टन, आत घट्ट बसवलेली नाणी, आणि दोन्ही टोकांना दिसेल ते एकेक. दुकानदार ती गल्ल्याच्या कडेवर आपटून फोडतो आणि नाणी खणात ओततो. ती कोणत्या सालची आहेत हे पाहण्याचे त्याला काही कारण नसते. याच गुंडाळ्या घरी नेऊन, मेजावर फोडून, प्रत्येक नाण्याची कड, साल आणि टांकसाळीचे अक्षर निरखणारा एक वर्ग मात्र त्या देशात गेली कित्येक दशके आहे. हवी ती नाणी काढून घ्यायची, उरलेली दुसऱ्या एखाद्या बँकेत भरायची (पहिल्याच बँकेत परत नेली तर आपणच नाकारलेली नाणी पुन्हा आपल्याच पदरात पडण्याचा संभव) आणि आलेल्या पैशांतून नव्या गुंडाळ्या घ्यायच्या. या खेळात हरण्याची सोय नाही. दर्शनी मूल्य शाबूत राहते. खर्च होतो तो वेळ, आणि बँकेतील कर्मचाऱ्याचा सोशिकपणा.

इतका निरुपद्रवी दिसणारा हा छंद. पण १९६०च्या दशकात अमेरिकी शासनाने याच छंदिष्टांवर देशातील चिल्लरटंचाईचे खापर फोडले, आणि त्यांना परावृत्त करण्यासाठी नाण्यावरची अक्षरे पुसली. तो आरोप कितपत खरा होता, हे पाहण्यासारखे आहे.

त्याआधी एक मुद्दा. नाणे चालायचे तर ते कोणी वाचता कामा नये, ही आधुनिक चलनाची मूळ अट आहे. मराठी वाचकाला याची उलट बाजू भाषेतूनच ठाऊक असते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि सराफ प्रत्येकाचा कस, झीज व टांकसाळ पारखून त्यावर बट्टा आकारी. नावाला लागणारा ‘बट्टा’ तिथूनच आला. एकछापी चलनाने सराफाचे हे वाचन संपवले. गुंडाळीचा कागद म्हणजे एका अर्थी या तहाची मोहोर: आतली चाळीसही नाणी सारखीच, म्हणून उघडून पाहू नका. गुंडाळ्या फोडणारा माणूस हा तह मोडतो. फरक इतकाच, की तो कोणाला बट्टा लावत नाही. पूर्ण किंमत मोजून घेतो आणि पूर्ण किमतीने परत करतो.

या छंदाला लोकांत नेले ते १९३०च्या दशकातील मंदीने. विस्कॉन्सिन राज्यात एका गृहस्थाने पुठ्ठ्याला सेंटाच्या मापाची भोके पाडून प्रत्येकाखाली साल आणि टांकसाळीचे अक्षर छापले, आणि पुढे त्याच राज्यातील रसीन गावच्या व्हिटमन या प्रकाशनसंस्थेने असे पुठ्ठे देशभर विकले. पैसे नसलेल्या काळात पैशांचा छंद पसरावा हे विचित्र वाटेल. पण सेंट जमवायला सेंटच लागे, आणि अगदीच निकड पडली तर पुठ्ठ्यातून काढून तो खर्चताही येई. रिकामे भोक ही या छंदातील खरी प्रेरक शक्ती. त्यातले सर्वांत छळणारे भोक १९०९ सालचे. लिंकनच्या जन्मशताब्दीनिमित्त त्या वर्षी ऑगस्टमध्ये निघालेल्या सेंटवर शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर याने मागच्या बाजूस आपली आद्याक्षरे कोरली होती. ती फार ठळक आहेत अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. तेवढ्या अवधीत सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतून ४,८४,००० नाणी बाहेर पडली होती. कर्त्याच्या सहीवरून उठलेल्या वादाने एका सेंटाचे दुर्मीळ वस्तूत रूपांतर केले. पाठभेदांच्या अभ्यासकांना यात काही अपरिचित वाटू नये.

१९५०नंतर मात्र या छंदाला दुसरे वळण लागले. १९५० साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटांची, म्हणजे निकेलची, नाणी अवघी २६ लाख ३० हजार पाडली गेली. ही बातमी पसरली तशा लोकांनी बँकांतून नव्या कोऱ्या गुंडाळ्याच उचलल्या आणि फोडल्या नाहीत. दोन डॉलर दर्शनी किमतीची ती गुंडाळी १९६४च्या सुमारास हजार डॉलरांच्या आसपास पोचली, आणि मग भाव कोसळला. कारण जे दुर्मीळ म्हणून सर्वांनीच जपून ठेवले होते ते दुर्मीळ उरलेच नव्हते. इथे दोन वृत्ती वेगळ्या करणे आवश्यक आहे. एक जण गुंडाळी फोडतो, वाचतो आणि नव्वद टक्के नाणी चलनात परत सोडतो. दुसरा ती बंदच ठेवतो. चलन अडवतो तो दुसरा. पण आरोप करणाऱ्यांनी हा भेद केला नाही.

१९६३-६४मध्ये चिल्लर खरोखरच मिळेनाशी झाली. कारणे अनेक होती: नाणे टाकून वस्तू देणारी यंत्रे आणि वाहनतळांचे मीटर वाढले होते, चित्रफितींच्या व अन्य उद्योगांना चांदी हवी होती, आणि चांदीचा भाव औंसाला १.२९ डॉलरवर म्हणजे चांदीच्या डॉलरच्या दर्शनी मूल्याशी जाऊन ठेपला होता. मार्च १९६४मध्ये कोषागारासमोर रांगा लावून लोकांनी कागदी प्रमाणपत्रांच्या बदल्यात चांदीचे डॉलर नेले; अखेर ते देणे बंद करावे लागले. टांकसाळीच्या संचालक ईव्हा ॲडम्स यांनी मात्र टंचाईबद्दल नाणेसंग्राहकांना दोष दिला. २३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणेकायद्यावर सही केली. दहा व पंचवीस सेंटांच्या नाण्यांतून चांदी पूर्णपणे गेली, अर्ध्या डॉलरमध्ये नव्वदऐवजी चाळीस टक्के उरली. चांदीची नाणी साठवणाऱ्यांना त्यात काही लाभ होणार नाही, असेही जॉन्सन यांनी त्या प्रसंगी बजावले. १९६५ ते १९६७ या सालांच्या नाण्यांवर टांकसाळीचे अक्षरच घातले गेले नाही. शिवाय टंचाई सरेपर्यंत सालही गोठवले होते, त्यामुळे १९६५ आणि ६६मध्ये पाडलेल्या कित्येक नाण्यांवर १९६४ हेच साल आहे. वाचक उपद्रवी ठरले, म्हणून मजकूर कमी करण्यात आला.

जॉन्सन यांचा इशारा दोन वर्षेही टिकला नाही. चांदी वर गेली, आणि मे १९६७मध्ये चांदीची नाणी वितळवण्यास बंदी झाली. त्याच सुमारास मध्यवर्ती बँकेच्या शाखांमध्ये परत येणाऱ्या चिल्लरीतून जुनी चांदीची नाणी यंत्रांनी वेगळी करून वितळवण्याचे काम शासनाने स्वतः हाती घेतले. घरातल्या मेजावर एखादा शाळकरी मुलगा करत होता तेच हे, फक्त कोट्यवधींच्या प्रमाणावर. नागरिकांवरची बंदी उठली ती मे १९६९मध्ये. चलनातून चांदी सर्वांत पद्धतशीरपणे निवडून काढणारा संग्राहक कोण होता, याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

याहूनही बोलकी गोष्ट पुढची. १९६४मध्ये चांदीच्या डॉलरचे वाटप थांबले तेव्हा कोषागारात जवळपास तीस लाख डॉलर उरले होते, आणि त्यांतील बहुतेक नेवाडातील कार्सन सिटीच्या, १८९३मध्ये नाणी पाडणे थांबलेल्या टांकसाळीचे होते. ‘सीसी’ ही दोन अक्षरे त्यांवर होती. १९७२पासून शासनाने ती नाणी संग्राहकांना विकायला काढली. अनेकांची किंमत एका डॉलरला तीस डॉलर. टांकसाळीची अक्षरे वाचणे हा दोष मानणाऱ्या शासनाने सात वर्षांत त्याच अक्षरांचे तीसपट मोल लावले. याला ढोंग म्हणावे की केवळ व्यवहार, यावर मतभेद होऊ शकतील. मला ते ढोंग वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला गेला, आणि म्हणूनच आपल्याकडे हा छंद या रूपात उभा राहू शकला नाही. ब्रिटिश सरकारने १९४०मध्ये रुपयातील चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणली आणि लगोलग जुने रुपये चलनातूनच बाद केले: राणीछाप रुपया १९४१च्या मार्चअखेर, आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत एडवर्ड व जॉर्ज यांचेही. १९४७मध्ये निकेलचा रुपया आला. महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी भारताने १९५०च्या दशकात परत केली, तीही बऱ्याच अंशी निम्म्या चांदीचे रुपये गाळून. बाद झालेला राणीछाप रुपया सराफाकडे, देवघरात किंवा गळ्यातल्या पुतळ्यांच्या शेजारी गेला. बँकेच्या पिशवीत तो सापडणे संपले. अमेरिकेने असे केले नाही. १९६४चे पंचवीस सेंट तिथे आजही पंचवीसच सेंट आहेत, आणि म्हणूनच अनवधानाने एखाद्याने खर्चलेले ते नाणे गुंडाळीत येऊ शकते. जानेवारी १९८०मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरांजवळ गेली तेव्हा त्या एका नाण्यात सुमारे नऊ डॉलरांची चांदी होती.

शोधणाऱ्यांचे आवडते नाणे अर्ध्या डॉलरचे, आणि त्यामागे एक मृत्यू आहे. केनेडी यांच्या हत्येनंतर १९६४मध्ये त्यांच्या मुद्रेचे नाणे आले ते लोकांनी स्मृती म्हणून ठेवून दिले. खर्चण्याची सवय मोडली ती कायमची. नाणे पाडले जात राहिले, पण ते हाती न फिरता तिजोऱ्यांत पडून राहिले. चाळीस टक्के चांदीची १९६५ ते १९७०ची नाणी तर पुष्कळांच्या ध्यानातच आली नाहीत. एक हजार नाण्यांची, पाचशे डॉलरांची पेटी घेऊन बसणारा माणूस प्रथम कडा पाहतो. नव्या नाण्याच्या कडेवर तांब्याची तांबूस रेघ असते. नव्वद टक्के चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी.

सेंटाचा इतिहासही त्याच वाटेने गेला. १९८२मध्ये त्यातले तांबे जाऊन आत जस्त आले. त्याचे वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर उतरले, आणि जुन्या सेंटातील तांबे एका सेंटाहून महाग झाले. डिसेंबर २००६मध्ये सेंट आणि निकेल वितळवण्यास मनाई झाली. तरी लोक तांब्याचे सेंट वजनावरून निवडून, बादल्या भरून ठेवतच राहिले. चलनासाठीचे शेवटचे सेंट नोव्हेंबर २०२५मध्ये फिलाडेल्फियात पाडले गेले. त्यानंतर पाडलेल्या अगदी अखेरच्या सेंटांवर टांकसाळीने ‘ओमेगा’ची एक बारीक खूण उमटवली, ते कोणत्याही बँकेच्या गुंडाळीत गेले नाहीत, संग्राहकांसाठी लिलावात काढले गेले.