हुंकाराचे मोजमाप

श्रोतेहो, गोष्ट ऐकताना 'हूं' म्हणायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. हुंकार थांबला की आजी विचारते, "झोपलास का रे?" गोष्ट तिची खरी, पण ती पुढे सरकते ऐकणाऱ्याच्या हुंकारावर. मग मनाचे दुखणे घेऊन कोणी समुपदेशकाकडे गेला, तर तिथे या हुंकाराचा परिणाम किती होत असेल?

हे मोजायचे तर बोलणे जसेच्या तसे हाती हवे. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांनी १९४० नंतर अशा भेटी तबकड्यांवर मुद्रित केल्या. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी एका माणसाच्या आठही भेटी शब्दन् शब्द छापल्या. रॉजर्स यांचे म्हणणे असे, की समुपदेशकाने समजून घ्यावे. वाट ज्याची त्याने शोधावी.

पण नुसते समजून घेणेही तटस्थ असते का? १९५५ साली ग्रीनस्पून यांनी विद्यार्थ्यांना सुचतील ते सुटे शब्द बोलायला सांगितले. अनेकवचनी नाम आले की ते फक्त 'हूं' म्हणत. पाहा, तेवढ्याने तशी नामे वाढली! १९६३ मध्ये मॅटराझो आणि सहकाऱ्यांनी पोलीस व अग्निशामक दलाच्या २० उमेदवारांच्या मुलाखती मोजल्या. मुलाखत घेणारा एका वेळी सुमारे ५ सेकंद बोले, तेव्हा उमेदवार सरासरी २४ सेकंद बोलत. तो १० सेकंद बोलू लागताच ते ४७ सेकंद बोलू लागले. तो पुन्हा ५ वर येताच तेही २७ वर आले.

१९६६ साली ट्रुअॅक्स यांनी खुद्द रॉजर्स यांच्याच एका दीर्घ उपचाराचे मुद्रण तपासले. रॉजर्स यांची आपुलकी सगळ्या बोलण्याला सारखी मिळत नव्हती, असे दिसले. ज्या तऱ्हेच्या बोलण्याला ती अधिक मिळे, त्यांतल्या बऱ्याच तऱ्हा पुढे वाढल्या.

आणि बरं का, ही ओढ एकतर्फी नाही. १९६३ मध्येच हेलर व सहकाऱ्यांनी नट शिकवून तयार केले आणि त्यांना शिकाऊ मुलाखतकारांपुढे बसवले. नट गोडीने वागला तर मुलाखतकारही गोडीने वागे. नट चिडला तर त्याचाही सूर चढे.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मूल आपल्याशी बोलू लागले म्हणजे आपण कोणत्या वाक्याला मान डोलावतो, कोणत्या वाक्याला गप्प राहतो, इकडे लक्ष असू द्यावे. नाहीतर आपल्याला आवडेल तेवढेच ते बोलेल, आणि खरे दुखणे पोटातच राहील.