काका, कावळा आणि गोळी

‘गोळी चालू केली आणि डोळे गेले.’ हे वाक्य गुलमंडीत मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कुणा एकाचं राहिलेलं नाही. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले शेठ ते सांगतात, सुपारी हनुमानाच्या दर्शनाला आलेली आजी सांगते. ज्याला परवाच शुगर निघाली, तो हे ऐकतो आणि औषधाची चिठ्ठी दुमडून खिशात ठेवून देतो. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. समोरच्याचं मत खोडायचं असेल तर आधी ते त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवा, असं मुलांना बजावायचो. तेव्हा पूर्वपक्ष आधी. तो मांडतात आमच्या वाड्यातले काका, कारण त्यांच्याइतका पक्का पूर्वपक्ष मला दुसरीकडे भेटला नाही.

काका अडुसष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं कापडाच्या पेढीवर मुनीम होते. बारीक अक्षरात वह्या लिहिण्यात हयात गेली, त्यामुळे वाचायचा चष्मा त्यांना पन्नाशीच्या आतच लागला. गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांनी तो काढून खिशात ठेवला आणि ओट्यावर बसून बिनचष्म्याने पेपर वाचायला लागले. निधनवार्तांचा बारीक टाइपसुद्धा. “बघ, वय उलटं चाललंय माझं,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. श्रेय त्रिफळ्याला. पौषात वजन उतरलं, रात्रीतून चारदा उठायची वेळ यायला लागली, घशाला सारखी कोरड. रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर २८६ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी १२. गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी पेपरातली अक्षरं पसरली. दहाव्या दिवशी जुना चष्मा लावूनही वहीतली ओळ दिसेना, आणि चौकात समोरून येणारा माणूसही धूसर. तिसऱ्या आठवड्यात काकांनी आपल्या मनाने गोळ्या थांबवल्या. आठ-दहा दिवसांत पेपर पुन्हा थोडाथोडा वाचता यायला लागला.

“आता बोल,” काका म्हणाले.

मी शिकल्या माणसाचं ठरलेलं उत्तर दिलं. म्हटलं, काका, हा काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

“अरे, फांदी तुटली ते समजलं. पण कावळा उठल्यावर ती परत जोडली गेली, असं कधी पाहिलंस?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी नकळत अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पुढे ठेवले होते. गोळी आहे तिथे धूसरपणा आहे, गोळी नाही तिथे तो नाही. आमच्या वर्गात याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. या मताला ‘अडाण्यांचा गैरसमज’ म्हणून उडवून लावणारे डॉक्टर आणि त्यांचे सुशिक्षित पेशंट इथेच चुकतात. योगायोग म्हणून हे मत खोडता येत नाही, कारण तो योगायोग नाहीच. गोळीचा आणि काकांच्या डोळ्यांचा संबंध आहे. फक्त काका समजतात तो नाही.

(बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या खंडनग्रंथाचं नाव ‘खण्डनखण्डखाद्य’, म्हणजे खंडनाची खडीसाखरेची मिठाई. मधुमेह्याशी वाद घालताना नेमकं हेच नाव आठवावं, याला काय म्हणावं!)

डोळ्याच्या आत एक भिंग असतं. त्याला रक्तवाहिनी नाही. भोवतीच्या पाण्यासारख्या द्रवातून ते आपलं अन्न घेतं आणि साखर आत घ्यायला त्याला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. रक्तात साखर वाढली की भिंगातही वाढते. तिथे आल्डोज रिडक्टेज नावाचं एक विकर त्या साखरेचं सॉर्बिटॉल करतं. सॉर्बिटॉल आत सहज तयार होतं, बाहेर मात्र सहजी पडत नाही. महिनोन्‌महिने साखर चढती राहिली की भिंगाचा कस बदलतो आणि बहुतेकांचा नंबर उणेकडे, म्हणजे लघुदृष्टीकडे, सरकतो. लघुदृष्टीच्या माणसाला जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. काकांचा वाचायचा नंबर अधिक अडीच होता. दसऱ्याला डोळा उणे दोनकडे सरकला असेल तर गरज उरली अर्ध्या नंबरची. तेवढं दिव्याखाली पेपर धरून निभतं. त्रिफळ्याने काहीच केलेलं नव्हतं. काकांना जी सुधारणा वाटली ती आजाराने दिली होती.

मग गोळी आली. रक्तातली साखर भराभर उतरली, पण भिंगात कोंडलेलं सॉर्बिटॉल तसंच राहिलं. आत दाट, बाहेर पातळ. साहजिकच पाणी आत ओढलं गेलं, भिंगाची ताकद घटली आणि नंबर उलट्या दिशेने, मूळ जागेच्याही पलीकडे, अधिककडे गेला. आता जवळचंही जातं आणि लांबचंही. काकांचा दहावा दिवस तो हाच.

मधुमेहात नंबर हलतो ही निरीक्षणं इन्सुलिनच्या आधीची, एकोणिसाव्या शतकातली. इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन टोरांटोतल्या एका मुलाला जानेवारी १९२२ मध्ये मिळालं, आणि १९२५ साली लंडनच्या ड्यूक-एल्डर यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’त या विषयावर लेख लिहून साखर चढताना उणे आणि उतरताना अधिक, असा हिशेब मांडला. त्याच नियतकालिकात २००० साली जपानी नेत्रतज्ज्ञांनी चौदा रुग्णांचे डोळे उपचाराच्या पहिल्या दिवसापासून मोजत नेले. चौदाही जणांचा नंबर अधिककडे गेला. बदल सरासरी साडेतीन दिवसांत सुरू झाला, दहाव्या दिवसाच्या आसपास शिगेला पोचला, आणि दोन ते बारा आठवड्यांत प्रत्येकाचा डोळा मूळ नंबरावर आला. सुरुवातीची साखर जितकी जास्त, तितका झोका मोठा. पाचवा दिवस, दहावा दिवस! हा तक्ता मी काकांच्या वहीशेजारी ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्या बाजूचीही एक उणीव कबूल करतो. भिंग फुगतं म्हणून नंबर बदलतो असं दवाखान्यात सर्रास सांगितलं जातं. या चौदा जणांच्या भिंगाची जाडी मोजली तर ती लक्षात येण्याजोगी बदललेली नव्हती. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वक्रताही तीच, डोळ्याची लांबीही तीच. म्हणजे आकारापेक्षा भिंगाच्या आतल्या पदार्थाचा प्रकाश वळवण्याचा गुण बदलत असावा. एवढंच कशाला, साखर चढतानासुद्धा नंबर अधिककडे गेल्याच्या नोंदी आहेत. सिद्धांताच्या कडा अजून घासून गुळगुळीत झालेल्या नाहीत. मात्र डोळा परत येतो, याबद्दल वाद नाही.

आता न्यायशास्त्राची भाषा. जिथे अग्नी तिथे धूर, हे अनुमान नैयायिक मान्य करत नाहीत, कारण मध्ये एक उपाधी लपलेली आहे: ओलं सरपण. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. काकांच्या अनुमानात गोळी म्हणजे अग्नी, आणि ओलं सरपण म्हणजे झपाट्याने उतरणारी साखर. उपाधी खरी की खोटी हे तपासायला दोन उदाहरणं पुरतात. साखर न उतरवणारी गोळी खाल्ली तर डोळा हलायला नको. आणि गोळीशिवाय साखर उतरली तर डोळा हलायला हवा. दुसरं उदाहरण आमच्याच गल्लीत होतं. शुगर निघालेल्या एका बाईंनी औषधाला हातही न लावता भात, गोड, चहातली साखर सगळं एका दिवसात बंद केलं आणि रोज दोन तास चालायला लागल्या. पंधरा दिवसांत त्यांना सुईत दोरा ओवता येईना. त्यांनी दोष दिला अशक्तपणाला, कारण दोष द्यायला गोळी नव्हती.

आणि काकांनी गोळ्या थांबवल्यावर फांदी जोडली गेली ती कशाने? थोडं श्रेय काळाला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोका तसाही ओसरायला लागतो. बाकीचं श्रेय पुन्हा चढलेल्या साखरेला, जिने डोळा परत उणेकडे ढकलला. दसऱ्याचीच ती जुनी भेट.

या मधल्या काळात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती चष्म्याच्या काउंटरवर, आणि तीही बऱ्याचदा प्रामाणिकपणे. काका बाराव्या दिवशी एका दुकानात गेले. मशीनने त्या दिवशीचा नंबर अचूक काढला, दोन हजार आठशे रुपयांचा दोन भिंगी चष्मा बनला आणि महिन्याभरात तो निकामी झाला. शुगर नवी निघाली का, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि काकांनीही आपणहून सांगितलं नाही. साखर स्थिरावेपर्यंत, साधारण दीड ते तीन महिने, कायमचा चष्मा करू नये. अडलंच तर फूटपाथवर मिळणारा तयार वाचायचा चष्मा तात्पुरता घ्यावा. घरी करून बघण्यासारखी एक साधी युक्ती आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडायचं, एक डोळा झाकायचा आणि त्या भोकातून कॅलेंडरवरची तिथी बघायची. अक्षर निवळलं तर भानगड बहुतेक नंबरची. नाही निवळलं तर ती मागच्या पडद्याची किंवा मोतीबिंदूची असू शकते, आणि मग थांबायचं नाही. काकांना त्या भोकातून एकादशी स्वच्छ दिसली.

इथवर ऐकून एखादा म्हणेल, चला, म्हणजे सगळं तात्पुरतंच. हे दुसरं प्रचलित मत. ते पहिल्याइतकंच चूक आहे आणि जास्त शिकलेल्या घरांत आढळतं. लोकांच्या भीतीत सत्याचा एक खडा आहे आणि तो बाजूला काढून दाखवायलाच हवा. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ मध्ये टाइप वन मधुमेहाच्या १,४४१ जणांवर झालेल्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीत, साखर कडकपणे आवळलेल्यांपैकी १३.१ टक्क्यांच्या दृष्टिपटलाचा आजार पहिल्या वर्षात वाढला. नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.६ टक्के होतं. म्हणजे साखर वेगाने उतरवली तर आधीच जखमी असलेला पडदा काही जणांत सुरुवातीला बिघडतो. पण त्याच चाचणीत, ज्यांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता त्यांच्यात पुढच्या वर्षांत हा आजार होण्याचा धोका कडक नियंत्रणाने ७६ टक्क्यांनी घटला. पहिल्या वर्षाचं बिल दाखवून पुढच्या वर्षांची कमाई लपवणं, हे चाळीस वर्षं मुनीमकी केलेल्या माणसाला तरी पटू नये.

भिंग आणि दृष्टिपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. भिंग बोंब मारतं आणि बरं होतं. पडदा गप्प राहून झिजतो. डोळे तपासायच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचणाऱ्याच्या पडद्यावरसुद्धा रक्ताचे ठिपके असू शकतात. देशातल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेह्यांपैकी १६.९ टक्क्यांना हा पडद्याचा आजार आढळला. टाइप टू मधुमेह बऱ्याचदा सापडण्याआधी काही वर्षं अंगात मुक्काम करून असतो, म्हणून निदान झाल्याबरोबरच बाहुली मोठी करून पडदा बघायचा असतो. एकाच डोळ्यासमोर अचानक अंधारी, काजळीसारखे ठिपके तरंगणं, पडदा ओढल्यासारखं वाटणं, यातलं काहीही साखरेच्या झोक्यात बसत नाही. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

काकांना मी घाटी रुग्णालयात नेलं. थेंब टाकून तासभर बसवलं, पडदा तपासला. स्वच्छ निघाला. दुपारच्या उन्हात बाहेर पडलो तर थेंबांमुळे त्यांना रिक्षाचा नंबरही दिसेना. “आता थेंबाने डोळे गेले,” असं म्हणून ते स्वतःच हसले. संध्याकाळपर्यंत ते उतरलं. त्या रात्रीपासून गोळ्या परत सुरू झाल्या, डॉक्टरांच्या हिशेबाने. पाचव्या दिवशी अक्षरं पुन्हा पसरली, पण या वेळी काकांनी कॅलेंडरवर खूण केली आणि रोज पुठ्ठ्याच्या भोकातून तिथी वाचत राहिले. मधला तयार चष्मा दोनशे रुपयांचा.

हनुमान जयंतीला आम्ही सुपारी हनुमानाला गेलो. काकांच्या डोळ्यांवर कपाटातून काढलेला जुना चष्मा होता, अधिक अडीचचा. प्रसाद घेऊन ओट्याशी आलो, त्यांनी खिशातला पेपर उलगडला, निधनवार्ता वाचल्या, चष्मा काढून मिटला आणि सहज चौकाच्या पलीकडे बघितलं. समोर त्यांच्या जुन्या पेढीशेजारी मिठाईचं दुकान आहे. त्याची पाटी निळी होती, आता लाल आहे, मालकाच्या मुलाच्या नावासकट.

“ही पाटी कधी बदलली रे?”

“दसऱ्याला, काका. नवरात्राच्या आधीपासून रंगवत होते. तुम्ही रोज इथेच बसून पेपर वाचायचात.”