ऱ्हाईनची बोट आणि १८१७ सालचे प्रवासी

मे महिना लागला की आपल्या भागातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा यायला सुरुवात होते आणि त्यांना काय काय दाखवायचं याची यादी ठरते. त्या यादीत ऱ्हाईनची बोट असतेच. रुडेसहाइमला बोटीत बसायचं, वरच्या डेकवर जागा पकडायची, डब्यातले धपाटे काढायचे आणि दोन्ही तीरांवरचे किल्ले व द्राक्षमळे बघत संक्ट गोआरपर्यंत जायचं. लोरेलायचा उंच कडा जवळ आला की स्पीकरवर गाणं लागतं आणि सगळ्यांचे मोबाईल वर जातात.

नदी निसर्गाने दिली, पण ही सहल माणसांनी घडवली, आणि तिला जेमतेम दोनशे वर्षं झाली आहेत. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव काठावरून घोडे दोराने ओढत नेत. १२ जून १८१६ रोजी पहिली आगबोट कोलोनला पोचली. १८२७ मध्ये ‘कॉन्कोर्डिया’ ही बोट कोलोन ते माइन्झ अशी नियमित धावू लागली. लगेच पुढच्या वर्षी कोब्लेन्झमध्ये ऱ्हाईनच्या प्रवासाचं एक पुस्तक निघालं. कार्ल बेडेकर या प्रकाशकाने पुढे ते हाती घेऊन सुधारलं आणि ‘बेडेकर’ हा प्रवास-मार्गदर्शिकेसाठीचा शब्दच होऊन बसला. (आपल्या लोणच्यावाल्या बेडेकरांशी यांचं काही नातं नाही!) हाइनेची लोरेलायवरची कविता १८२४ची. तिला १८३७ मध्ये चाल लावली ती फ्रीडरिख झिल्शरने. हा आपल्याच बाजूचा माणूस: जन्म श्नाइटचा, नोकरी ट्युबिंगेनच्या विद्यापीठात. यंत्र, पुस्तक आणि गाणं या तिघांनी मिळून ऱ्हाईन मौजेची नदी केली.

पण त्याच पाण्यावरून त्याच वर्षांत दुसरेही प्रवासी गेले. त्यांच्याबद्दल बोटीवरचा स्पीकर सहसा बोलत नाही.

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख आणि वायू वातावरणात इतके पसरले की १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. आपल्या व्युर्टेम्बर्गात पिकं शेतातच कुजली, धान्याचे भाव आकाशाला भिडले. १८१७च्या वसंतात हजारो लोकांनी घरदार विकून गाव सोडलं. काही डॅन्यूबच्या वाटेने रशियाकडे गेले, तर बाकीचे नेकारच्या वाटेने अमेरिकेकडे.

आपल्या गावातून वाहणारी श्विप्पे वुर्मला मिळते. वुर्म नागोल्डला, नागोल्ड एन्झला, एन्झ नेकारला आणि नेकार मानहाइमला ऱ्हाईनला. म्हणजे झिंडेलफिंगेनला पडलेला पाऊससुद्धा शेवटी लोरेलायच्या कड्याखालूनच जातो. ही माणसंही त्याच मार्गाने गेली. हाईलब्रॉनला गिरण्यांच्या बंधाऱ्यांनी नदी अडवलेली होती, त्यामुळे पुढच्या प्रवासाच्या नावा तिथून सुटत. नेकारमधून ऱ्हाईन, ऱ्हाईनमधून हॉलंड आणि तिथून समुद्र. जहाजाचं भाडं नसलेले लोक अमेरिकेत काही वर्षं राबून ते फेडण्याचा करार करत. कित्येकांना तेही जमलं नाही. ते हॉलंडच्या बंदरात अडकले आणि भीक मागत परत आले.

लोक का चाललेत, हे शोधायला सरकारने एप्रिल १८१७च्या अखेरीस एका सत्तावीस वर्षांच्या अधिकाऱ्याला हाईलब्रॉनला पाठवलं. त्याचं नाव फ्रीडरिख लिस्ट, गाव रॉयटलिंगेन. त्याने निघालेल्या माणसांना एकेक करून विचारलं आणि त्यांची उत्तरं लिहून घेतली. नुसती भूक हे कारण नव्हतं. करांचं ओझं, कर्ज आणि स्थानिक अधिकाऱ्यांची मनमानी यांनी लोक पिचले होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८१८ मध्ये, राजा विल्हेल्म पहिला याने शेतीला उत्तेजन देण्यासाठी कानश्टाटला मेळा भरवला. तोच आपला ‘वाझन’वरचा फोल्क्सफेस्ट. तिकडे आपल्याकडे नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली होती आणि १८१८च्या जूनपर्यंत पेशवाई संपलीही होती.

कोकणातल्या मंडळींना हे दोन प्रकारचे प्रवासी वेगळे समजावून सांगायला नकोत. मालवण-वेंगुर्ल्याहून मुंबईला जाणारी आगबोट पाहुण्यांसाठी गंमत होती. ट्रंक घेऊन गिरणीत नोकरी शोधायला निघालेल्या चाकरमान्यासाठी नव्हती.

लिस्टची गोष्ट मात्र हाईलब्रॉनला संपत नाही. राज्यकारभारावर टीका केली म्हणून त्याला शिक्षा झाली आणि होहेनआस्पेर्गच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. देश सोडण्याच्या अटीवर त्याची सुटका झाली आणि १८२५ मध्ये तो स्वतःच अमेरिकेला गेला. ‘का जाताय?’ असं इतरांना विचारणाराच देशोधडीला लागला. तिथे जे पाहिलं त्याने त्याचे विचार पक्के झाले: मागे पडलेल्या देशाने आधी स्वतःचे उद्योग जोपासावेत, मग बलाढ्यांशी खुला व्यापार करावा. १८४१ मध्ये त्याने हे ग्रंथरूपाने मांडलं. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारताच्या अर्थकारणावर व्याख्यान देताना न्यायमूर्ती रानड्यांनी ज्यांचा आधार घेतला, त्यांत हा लिस्टही होता.

इथे वाढलेल्या आपल्या मुलांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न अधूनमधून येतोच. तेव्हा त्यांना हे माहीत असावं की ज्या मातीत ती वाढताहेत, तिथूनही कधीकाळी माणसं बोचकी बांधून निघाली होती आणि परक्या बंदरात उभी राहिली होती. हाईलब्रॉन इथून गाडीने तासाभरावर आहे. ऱ्हाईनच्या तिकिटांआधी एक रविवार तिथल्या नेकारकाठाला द्यायला हरकत नाही.