ट्रॅकबॉल : नाव, इतिहास आणि निवड

उपकरणांची नावे त्यांच्या जन्मक्रमाप्रमाणे रूढ होतातच असे नाही. संगणकाच्या पडद्यावरील बाण हलविण्याच्या साधनांपैकी ‘माऊस’ हे मूळ आणि ‘ट्रॅकबॉल’ हा केवळ पालथा घातलेला माऊस, असा समज सामान्यतः आढळतो. वास्तविक इतिहासाचा क्रम याच्या उलट आहे. आणि तो ध्यानी घेतल्यास ट्रॅकबॉलची निवड करणेही सुकर होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश आरमारापुढे रडारच्या पडद्यावरील विमानांचे स्थान त्वरेने नोंदविण्याचा प्रश्न होता. त्यासाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ साली दोन रबरी चाकांवर फिरणारा धातूचा गोळा योजिला आणि त्यास ‘रोलर बॉल’ असे नाव दिले. ही योजना लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवण्यात आली. प्रत्यक्ष वापरात दांडीच आली. गोळा नमुन्यापुरताच राहिला.

पुढे १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या आरमारासाठी ‘डेटार’ नामक यंत्रणेवर काम करताना टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केन्यन टेलर यांनी तशाच प्रकारचे साधन घडविले. त्यांनी त्यात बसविला तो कॅनडातील फाइव्ह-पिन बोलिंगच्या खेळाचा तयार चेंडू. हेही काम गुप्तच होते. परिणामी ज्यांनी कल्पना प्रथम साकारली, त्यांची नावे दीर्घकाळ अज्ञात राहिली.

जर्मनीतील घटना भाषेच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. टेलिफुंकेन कंपनीत राइनर मालेब्राइन व त्यांचे सहकारी विमानवाहतूक नियंत्रणाच्या टेबलात बसणाऱ्या गोळ्यावर काम करीत होते. तोच गोळा त्यांनी उलटा करून हातात धरण्याजोग्या खोक्यात घातला. ऑक्टोबर १९६८ मध्ये हे साधन ‘रोलकुगेल’, म्हणजे ‘फिरता गोळा’, या नावाने जाहीर झाले. म्हणजे येथे माऊसनेच गोळ्याचे नाव धारण केले. डग्लस एंगलबार्ट यांचा माऊस १९६४ सालीच तयार झाला होता. परंतु त्याचे सुप्रसिद्ध जाहीर प्रात्यक्षिक झाले ते ९ डिसेंबर १९६८ रोजी. पुढे त्यांचेच नाव जगभर रूढ झाले. इतके की, केन्सिंग्टन कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणलेल्या ट्रॅकबॉलला ‘टर्बो माऊस’ म्हटले, आणि त्याच्या वंशातील साधन ‘एक्स्पर्ट माऊस’ या नावाने विकले गेले. वडील धाकट्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला!

या इतिहासातून ट्रॅकबॉलचे मूळ प्रयोजन स्पष्ट होते : हात एका जागी स्थिर राहावा आणि केवळ गोळा फिरावा. जागेच्या टंचाईतही हाच गुण उपयोगी पडला. १९९१ च्या ॲपल पॉवरबुकमध्ये कळफलकासमोर ट्रॅकबॉल होता, तो याच कारणाने. १९९४ पासून त्याची जागा स्पर्शफलकाने घेतली.

म्हणून निवड करताना माऊसशी तुलना न करता तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गोळा कोणत्या बोटाने फिरवावयाचा. अंगठ्याने फिरणाऱ्या लहान गोळ्याची सवय लवकर होते, परंतु सारा भार एकट्या अंगठ्यावर पडतो. मध्यभागी गोळा असलेले साधन दोन-तीन बोटांत श्रम विभागते आणि घडण सममित असल्यास डावखुऱ्यांनाही चालते. दुसरी, गोळ्याचा आकार. सुमारे ५५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यावर बोटांना प्रशस्त पृष्ठभाग मिळतो आणि सूक्ष्म हालचाल ताब्यात राहते. तिसरी, गोळ्याचे टेकू. त्यांवर मळ साचला की गोळा अडखळतो. तेव्हा तो सहज काढून पुसता येणे अगत्याचे आहे. मनगट वर वाकत असेल, तर मात्र या तिन्ही गोष्टी जुळूनही साधन त्या हातासाठी योग्य नव्हे.

नाव माऊसचे असो वा चेंडूचे, हाताला नावाशी कर्तव्य नसते. रडारपुढे तासन् तास बसणाऱ्या माणसाच्या गरजेतून जे निर्माण झाले, ते आजही दीर्घकाळ बसून काम करणाऱ्याच्या हातावरच पारखले पाहिजे.