यादीची कुळकथा

हैदराबादच्या सुलतान बाजारात सकाळी खरेदीला निघालेल्या मराठी गृहस्थाच्या खिशात घडी घातलेला जो कागदाचा कपटा असतो, ज्याच्या माथ्यावर ‘श्री’ आणि त्याखाली डाळ, गूळ, देवाचे तेल अशा ओळी उतरलेल्या असतात, त्या कपट्याला तो ‘यादी’ म्हणतो. आणि हा शब्द उच्चारताना आपण एका जुन्या राज्यकारभाराची भाषा बोलतो आहोत, हे त्याच्या क्वचितच ध्यानी येते. ‘याद’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ स्मरण. स्मरणाचा भार ज्या कागदाने वाहावा त्यालाच स्मरणाचे नाव मिळाले, यात या वस्तूचे सारे मर्म आले असे मी मानतो.

कागद दुर्मिळ आणि अक्षर थोड्यांच्याच हाती होते, तेव्हा हे काम गाठ करीत असे. उपरण्याच्या टोकाला किंवा लुगड्याच्या पदराला मारलेली गाठ हाताला लागली की राहिलेले काम आठवे. मनाशी खूणगाठ बांधणे हा वाक्प्रचार आजही त्या गाठीची साक्ष देतो. परंतु काही तरी राहिले आहे एवढेच गाठ सांगते, काय राहिले ते सांगत नाही, आणि एका पदराला चार गाठी पडल्या म्हणजे कोणती कशाची हा नवाच घोर लागतो.

ही उणीव लेखणीने भरून काढली. मराठी दप्तरांतील पत्राला मायना, आशीर्वाद, कुशलवृत्त असा लवाजमा लागे. याद मात्र तो सोडून थेट कामाच्या मजकुरावर येई, आणि तिच्यातील एकेका बाबीला ‘कलम’ म्हणत. कलम म्हणजे मुळात बोरूची लेखणी! लिहिण्याच्या साधनाचे नाव लिहिलेल्या बाबीला लागले, आणि तेथून ते आजच्या कायद्यातील कलमांपर्यंत येऊन पोहोचले. सुट्या कागदाला वा त्यावरील टाचणाला ‘फर्द’ म्हणत, आणि अशा फर्दा लिहिणारा तो फर्दनवीस, म्हणजे आपला फडणवीस. ज्या नाना फडणविसांना निजामाच्या दरबारातील पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांची पत्रे जात, आणि ज्यांच्या कारभारात 1795 साली खर्ड्याचा संग्राम झाला, त्यांच्या पदाच्या नावातच एक सुटा कागद दडलेला आहे. त्याच ‘नवीस’ प्रत्ययाची बहीण ‘रोजनिशी’: रोज म्हणजे दिवस, आणि निशी म्हणजे लिहिणे. पेशव्यांच्या हिशेबी कागदांतील रोजकीर्दही दिवसालाच बांधलेली असे. त्या त्या दिवसाची जमा आणि खर्च त्याच दिवसाखाली पडे.

मराठी कागदपत्रांत ज्या शहराला भागानगर म्हटले जाई, त्या हैदराबादेत ही विद्या दोन घराण्यांच्या हाती होती. दफ्तर-इ-दिवानी हे राय रायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे, तर दफ्तर-इ-माल हे मालवाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माथुर कायस्थ घराण्याकडे. राज्याच्या महसुलाचे ज्ञान या दफ्तरांच्या कागदांत साठलेले असल्याने, ज्याच्याजवळ कागद त्याच्याजवळ सत्ता अशी स्थिती होती. 1853 साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी कारभाराची नवी घडी बसवली, 1865 साली जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, केली, आणि वंशपरंपरेच्या दफ्तरदारांचे महत्त्व ओसरत गेले. ‘दप्तर’ हा शब्द तर याहूनही पुरातन: कातड्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दापासून फारसीत आणि तेथून मराठीत आलेला, आणि आता शाळकरी मुलाच्या खांद्यावर स्थिरावलेला.

दरबार गेले तरी याद गेली नाही. ती घरात शिरली. लग्न ठरले की ‘याद्या झाल्या’ असे आपण म्हणतो, आणि देण्याघेण्याची ती कलमे दोन्ही पक्षांच्या सह्यांनी पक्की होतात. म्हणजे तहाच्या यादीचीच रीत आपण मांडवात आणली.

कामाची शिस्त लावण्याकरिता आज नाना साधने विकत मिळतात. त्यांना मी नाकारीत नाही. परंतु जुन्या कारकुनाच्या रीतीत ज्या तीन गोष्टी होत्या, दिवसाची तारीख, एका ओळीत एकच कलम, आणि बाकी राहिलेले कलम पुढच्या दिवशी ओढून घेण्याची दक्षता, त्यांवाचून कोणतेही साधन चालत नाही, असा माझा अनुभव आहे. यांपैकी तिसरी सर्वांत कठीण. कारण तेच कलम चौथ्या दिवशी स्वहस्ते पुन्हा लिहावे लागले की मनुष्याला ते करावे तरी लागते किंवा आपण ते करणार नाही हे प्रामाणिकपणे कबूल करून खोडावे तरी लागते.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच की आज निजण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा, माथ्यावर उद्याची तारीख घालावी, आणि पाचसहा कलमांची याद आपल्या हाताने लिहून उशाशी ठेवावी.